रॉबिन हूड्स बे: देखणं दिसावं म्हणून न बांधलेलं गाव

आधीच सांगून टाकते, रॉबिन हूडचा आणि या गावाचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे दंतकथा आहेत, तो म्हणे इथे येऊन फ्रेंच चाच्यांशी लढला आणि त्यांच्याकडचा माल गोरगरिबांना वाटून टाकला, पण पुरावा म्हणाल तर शून्य. नाव मात्र खरंच जुनं आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आठव्या हेन्रीच्या काळात, जॉन लेलँड नावाचा एक गृहस्थ इंग्लंडभर फिरून गावोगावच्या नोंदी करत होता, त्यानं इथे वीस बोटींची कोळ्यांची वस्ती आहे असं लिहून ठेवलंय, आणि तेव्हाही नाव हेच. गावातली माणसं एवढं लांबलचक नाव घेतच नाहीत, ती नुसतं 'बे' म्हणतात किंवा फार तर 'बेटाउन'. बाहेरून आलेला माणूस ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, तो पूर्ण नाव घेतो.

तर हे गाव इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थ यॉर्कशरमध्ये, व्हिटबी या बंदराच्या गावाच्या दक्षिणेला सहाएक मैलांवर. पाठीमागे मूर्सचं उघडंबोडकं पठार, पुढे नॉर्थ सी, आणि मध्ये कड्याच्या एका घळीत कोंबून बसवलेली लाल कौलांची घरं. गावाचे दोन भाग आहेत, वरचं आणि खालचं. वरचं म्हणजे रेल्वे आल्यानंतरचं, रुंद रस्ते, मोठ्या व्हिक्टोरियन काळातल्या घरांच्या रांगा, नीटनेटकं, आणि खरं सांगायचं तर इंग्लंडमधल्या कुठल्याही गावात खपून जाईल असं. खालचं गाव ही वेगळीच चीज आहे. वरून खाली जाणारा रस्ता इतका तीव्र उताराचा आहे की चढाचं प्रमाण तिनास एक सांगतात, बाहेरच्यांनी गाड्या वरच ठेवायच्या आणि चालत उतरायचं. उतरताना मजा येते, चढताना प्रत्येक जण मध्येच थांबून 'वा, काय व्ह्यू आहे' असं म्हणतो, त्यातल्या निम्म्यांना खरं तर फक्त दम खायचा असतो.

इन्स्टावर या गावाचे फोटो बघितले असतील तर तुम्हाला माहितीच असेल, अरुंद बोळ, दगडी पायऱ्या, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं, खिडकीत फुलांच्या कुंड्या, खाली डॉकवर, म्हणजे रस्ता किनाऱ्याला मिळतो त्या मोकळ्या जागेत, उलटी ठेवलेली बोट. सगळे लिहितात 'क्यूट', 'परीकथेतलं गाव', 'टाइम थांबलाय'. मला हे वाचून जरा वैताग येतो. कारण या गावात बघायला छान वाटणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अडचणीतून, भीतीतून नाहीतर पोटाच्या मागे लागून झालेली आहे. बोळ अरुंद आहेत कारण जागाच नव्हती, आणि जागा नव्हती कारण समुद्र ती खात होता. काळ थांबला वगैरे तर मुळीच नाही, या गावानं जितक्या वेळा धंदा बदललाय तितक्या वेळा मोठमोठ्या शहरांनी बदलला नसेल.

जागेचंच घ्या आधी. इथला कडा दिसायला भक्कम आहे पण आहे दोन थरांचा, खाली ज्युरासिक काळातला शेल म्हणजे पापुद्र्या-पापुद्र्यांचा मऊसर खडक, आणि त्यावर हिमयुगात बर्फानं आणून टाकलेली चिकणमाती. खालून लाटा खडक पोखरतात, वरून पावसाचं पाणी मातीत मुरतं, मग एके दिवशी वरचा थर घसरतो. १७८० मध्ये गावचा मूळ रस्ता, किंग स्ट्रीट, त्याचा एक मोठा तुकडा घरांसकट खाली गेला, बावीसएक घरं गेली असं सांगतात. मग लोकांनी आत सरकून नवा रस्ता काढला, आणि त्याला नाव दिलं न्यू रोड. आज सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली तरी तो न्यू रोडच आहे. किंग स्ट्रीटचा उरलेला तुकडा अजून आहे. नंतरही थोडी थोडी पडझड चालूच होती, शेवटी १९७५ साली समुद्राच्या बाजूनं सुमारे १२ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी केली. किनाऱ्यावर उभं राहून गावाकडे बघितलं की ती भिंत दिसते, राखाडी, कुरूप, अगदी धरणासारखी. फोटो काढणारे तिला फ्रेममधून बाहेर ठेवायची धडपड करतात. ती नसती तर फोटो काढायला वर काय उरलं असतं हा प्रश्न आहे, पण असो.

घरं अशी एकाला एक चिकटलेली असण्याचा फायदा मात्र गावानं पुरेपूर उचलला, आणि इथे येते या गावाची सगळ्यात गाजलेली गोष्ट, स्मगलिंग.

स्मगलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोनं, ड्रग्ज असलं काहीतरी येतं. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर चोरून काय यायचं तर चहा. हो, चहा! आणि त्याच्यासोबत हॉलंडची जिन, फ्रान्सची ब्रँडी, तंबाखू, रेशीम. कारण सोपं होतं. चहाचा व्यापार कायद्यानं फक्त ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात, त्यात सरकारला सतत कुठल्या ना कुठल्या युद्धासाठी पैसा हवा, म्हणून चहावरचा कर वाढत वाढत १०० टक्क्यांच्याही पुढे गेलेला. म्हणजे मालापेक्षा कर जास्त. तोच चहा समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये स्वस्तात मिळतोय, इंग्लंडमधल्या प्रत्येकाला, अगदी मोलकरणीलाही, चहाची चटक लागलेली, आणि तुमच्याकडे बोट आहे, रात्री बोट हाकायची सवय आहे, मासळीत कधी पैसा असतो कधी नसतो. कोण नाही करणार? मोठं जहाज खाडीत लांब उभं राहायचं, गावातल्या कोबल बोटी, म्हणजे इथल्या पारंपरिक, सपाट बुडाच्या आणि उंच नाळेच्या कोळी बोटी, रात्री त्याच्यापर्यंत जायच्या आणि माल घेऊन परत. कोबलची रचनाच अशी की बंदर नसलं तरी ती थेट वाळूवर ओढून घेता येते, मासळीसाठी सोयीची आणि या धंद्यासाठी तर फारच सोयीची.

मग माल गावात शिरला की गायब. गावाखालून किंग्ज बेक नावाचा ओढा वाहतो, त्याच्यावर गाव बांधत बांधत तो झाकूनच टाकलाय, त्याचं तोंड उघडतं थेट किनाऱ्यावर. त्या भुयारातून माल आत, मग तळघरं, कपाटांच्या मागची दारं, एका घरातून दुसऱ्या घरात. इथे एक वाक्य प्रत्येक गाइडच्या तोंडी असतं, की रेशमाचा तागा खालच्या डॉकवरून गावाच्या वरच्या टोकापर्यंत जायचा आणि वाटेत त्याला एकदाही उजेड दिसायचा नाही. शंभर टक्के खरं असेल असं नाही, पण त्या बोळांत एकदा फिरलात की अशक्य वाटत नाही, हे नक्की. द बोल्ट्स नावाचा एक बोळ आहे तिथे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. कस्टम्सच्या माणसांनी अशा ठिकाणी पाठलाग करायचा म्हणजे कठीणच, आणि वर बायका बसलेल्या. कस्टम्सवाले खालून जाऊ लागले की वरच्या खिडकीतून उकळतं पाणी ओतायच्या म्हणे. बिचाऱ्यांना पगार तरी किती मिळत असेल.

हे सगळं चोरून-लपून, गमतीगमतीत चालायचं असंही समजू नका. १७७३ मध्ये सरकारची दोन गस्ती जहाजं, मर्मेड आणि ईगल, त्यांना तीन स्मगलर बोटींनी तोफांच्या जोरावर खाडीतून अक्षरशः हाकलून लावलं. सरकारी जहाजांना! आणि १७७९ मध्ये डॉकवर उघड मारामारी झाली, ब्रँडी आणि जिनचे मिळून २०० पिंप आणि १५ पोती चहा यांच्यासाठी. मला यातलं चहाचं प्रमाण फार आवडतं. दारूसाठी माणसं लढतात हे समजू शकतं, पण त्या काळी चहाच्या पोत्यासाठीही लोक डोकी फोडून घ्यायला तयार होते.

याच्यावर बंदुकांनी इलाज झाला नाही, झाला तो अंकगणितानं. १७८४ मध्ये धाकट्या पिटनं, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानानं, चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरीचा चहा आणण्यात काही अर्थच उरला नाही. दारू आणि तंबाखू पुढे काही वर्षं येत राहिले, पण मोठ्या कमाईचे दिवस गेले. आज गावात स्मगलर हा शब्द पाट्यांवर, मगवर, टी टॉवेलवर सगळीकडे आहे. त्या काळात कुणी हा शब्द मोठ्यानं उच्चारला असता का, शंकाच आहे.

आता जरा समुद्रकिनाऱ्यानं दक्षिणेकडे बघा, खाडीच्या दुसऱ्या टोकाला एक उंच कडा दिसतो, तो रेव्हन्सकार. तिथे काय चालायचं हे कळल्यावर मी पहिल्यांदा खूप हसले होते. तिथे तुरटी बनायची. आपली तुरटी, दाढी केल्यावर लावतात ती. कापड रंगवताना रंग पक्का बसण्यासाठी तुरटी लागायचीच, आणि युरोपात तिच्या व्यापारावर बराच काळ पोपची पकड होती. आठव्या हेन्रीनं पोपशी भांडण केल्यावर इंग्लंडला स्वतःची तुरटी शोधणं भाग पडलं, आणि सतराव्या शतकात यॉर्कशरच्या या किनाऱ्यावरच्या शेलमध्ये ती सापडली. रेव्हन्सकारचा कारखाना १६५० च्या सुमारास सुरू होऊन १८६२ पर्यंत चालला. पद्धत अशी की कडा फोडून शेल काढायचा, त्याचे डोंगराएवढे ढीग रचून ते महिनोनमहिने जाळत ठेवायचे, मग ते पाण्यात भिजवून अर्क काढायचा, आटवायचा, आणि शेवटी त्यात घालायचं काय, तर शिळी लघवी. अमोनियासाठी. एवढ्या प्रमाणात लागायची की आसपासच्या खेड्यांची पुरेना, मग लंडनहून जहाजांतून पिंपं भरून यायची आणि परत जाताना तीच जहाजं तुरटी घेऊन जायची. त्या जहाजावरच्या खलाशानं घरी काय सांगितलं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करते. आज ते अवशेष नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, गवत उगवलेले चौथरे, दगडी हौद, वर ससाणे घिरट्या घालताहेत, आणि येणारे लोक म्हणतात किती शांत, किती निसर्गरम्य. अख्खा कडा फोडून खाल्लाय तिथे, आणि जळणाऱ्या ढिगांचा धूर असणार तो वेगळाच.

बरं, स्मगलिंग संपलं म्हणून गाव संपलं नाही. एकोणिसाव्या शतकात गावानं मासळीबरोबर मोठ्या जहाजांत पैसा घातला. ब्रिटिश कायद्यात जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत वाटलेली असते, त्यामुळे एका जहाजात कोळी, किराणावाला, विधवा बाई, निवृत्त कप्तान असे सगळे थोडे थोडे भागीदार होऊ शकायचे. बे हे अशा भागीदारांचं गाव झालं. जहाजं मुख्यतः कोळसा वाहायची, न्यूकासलहून लंडनला. गावातल्या जुन्या घराण्यांपैकी एकाचं आडनाव आहे स्टॉर्म. म्हणजे वादळ. पिढ्यानपिढ्या समुद्रावर जाणाऱ्या लोकांचं आडनाव वादळ!

पण ही कमाई कशाच्या मोबदल्यात होती ते बघायचं असेल तर डॉकवर बघून कळत नाही, त्याच्यासाठी वर टेकडीवरच्या जुन्या सेंट स्टीफन चर्चमध्ये जायला लागतं. फार कमी लोक जातात, कारण गावापासून दूर आणि पुन्हा चढ. १८२१ च्या सुमाराचं हे चर्च, आत त्या काळातली लाकडी पेटीसारखी बंद बाकं आणि तीन मजली व्यासपीठ तसंच्या तसं राहिलंय, कारण १८७० मध्ये नवीन चर्च बांधलं आणि याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं, म्हणून नूतनीकरणाच्या तावडीतून वाचलं. आत लग्नाआधीच वारलेल्या मुलींच्या अंत्ययात्रेत धरायचे कागदी फुलांचे मुकुट ठेवलेत. आणि बाहेर कबरी. समुद्रात बुडाला, समुद्रात हरवला, बाप आणि मुलगा एकत्र. काही दगडांवर नाव आहे पण खाली माणूस नाही, कारण तो सापडलाच नाही. तिथून खाडी पूर्ण दिसते. मला वाटतं या गावाबद्दल जे काही समजायचं ते इथे अर्धा तास बसून जास्त समजतं, खाली फज घेण्यासाठी लाइनमध्ये उभं राहून नाही.

जाता जाता गॅन्सीचं सांगते, म्हणजे इथल्या कोळ्यांचे हातानं विणलेले निळे लोकरी स्वेटर. दुकानांत सांगतात की प्रत्येक गावाचं डिझाइन वेगळं, म्हणजे बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला तर स्वेटरवरून गाव ओळखता यावं. ऐकायला भारी वाटतं, पण विणकामाच्या इतिहासाचे बरेच अभ्यासक हे मानत नाहीत, बायका एकमेकींचे नमुने बघून सरळ उचलायच्याच की. घट्ट वीण असायची ती वारा आणि पाणी आत येऊ नये म्हणून.

आता ती १८८१ ची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी १८८१. प्रचंड हिमवादळ चालू होतं. व्हिजिटर नावाचं जहाज खाडीत अडकून फुटलं, आणि त्याच्यावरची सहा माणसं छोट्या बोटीत उतरली पण खडक आणि लाटांमुळे त्यांना किनाऱ्याला लागता येईना. गावातली जी बोट होती ती या समुद्रात घालण्याच्या लायकीची नव्हती. व्हिटबीला तार केली. व्हिटबीकडे चांगली लाइफबोट होती, रॉबर्ट व्हिटवर्थ नावाची, पण त्या वादळात समुद्रातून इकडे येणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की बोट रस्त्यानं न्यायची. सहा मैल, चढाचा रस्ता, सगळीकडे बर्फ, काही ठिकाणी सात सात फूट. १८ घोडे जुंपले, आणि सुमारे २०० माणसं फावडी घेऊन पुढे बर्फ फोडत निघाली. बे आणि आसपासची माणसं या बाजूनं खणत त्यांच्याकडे निघाली. बोट मूर्सवरून ओढत आणली आणि मग तो आपला उतार, तो तिनास एक, दोन्ही बाजूंना घरं, त्यावरून एवढी अवजड बोट दोर लावून, मागे ओढून धरत, खाली आणली. व्हिटबी सोडल्यापासून दोन तासांत बोट पाण्यात! आज त्या उतारावर सुटकेस ओढत उतरताना लोकांची चाकं तुटतात.

पहिल्या प्रयत्नात लाटांनी वल्ही मोडली, बोट परत आली. दुसऱ्यांदा गेले आणि सहाच्या सहा माणसांना घेऊन आले. रस्त्याच्या कडेला या घटनेची पाटी आहे. त्याच वर्षी लाइफबोट संस्थेनं, आरएनएलआयनं, बेमध्ये स्वतःचं स्टेशन काढलं, ते १९३१ पर्यंत चाललं. एक लक्षात घ्या, ज्या गावात त्याच्या शंभर वर्षं आधी सरकारी माणसावर उकळतं पाणी ओतत होते त्याच गावातली ही माणसं. मला यात विसंगती काही वाटत नाही. समुद्र एका बाजूला आणि आपण सगळे दुसऱ्या बाजूला, एवढाच हिशेब असावा, आणि कस्टम्सवाला बहुतेक समुद्राच्या बाजूचा मोजला जात असावा.

चारच वर्षांनी, १८८५ मध्ये, स्कारबरो ते व्हिटबी रेल्वे सुरू झाली आणि गावाच्या डोक्यावर स्टेशन आलं. तोपर्यंत मासळी उतरणीला लागली होती, वाफेच्या मोठ्या बोटी आल्यावर बंदर नसलेल्या गावाचं काय चालणार. रेल्वेनं नवीन मासळी आणली, म्हणजे पर्यटक. लीड्स, ब्रॅडफर्ड, यॉर्ककडची माणसं हवापालटाला येऊ लागली, चित्रकार येऊ लागले, घराघरात एक खोली भाड्यानं जाऊ लागली.

आणि शेजारी बघून बिल्डरांनाही चेव आला. तुरटीवाल्या रेव्हन्सकारवर १८९० च्या दशकात एका कंपनीनं अख्खं रिसॉर्ट शहर आखलं. रस्ते आखले, गटारं घातली, प्लॉट पाडले, गिऱ्हाइकांना रेल्वेनं आणून प्लॉट विकले. पण जागा जवळजवळ दोनशे मीटर उंच कड्यावर, वारा असा की छत्री उलटी, आणि खाली समुद्रावर जायचं तर जीव मेटाकुटीला. मूठभर घरं झाली आणि १९१३ मध्ये कंपनी बुडाली. आजही तिथे गवतातून जाणारे सरळ रेषेत आखलेले रस्ते आहेत ज्यांच्या कडेला काहीच नाही. मला तर ते बघायला बेपेक्षा कमी इंटरेस्टिंग वाटत नाही. एकीकडे कुणीही प्लॅन न करता गर्दी करून उभं राहिलेलं गाव, दुसरीकडे सगळा प्लॅन तयार असून न झालेलं गाव, आणि मध्ये फक्त तीनेक मैल समुद्र.

रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली, बीचिंग नावाच्या रेल्वेप्रमुखानं सुचवलेल्या कपातीच्या कुऱ्हाडीखाली ज्या कितीतरी लाइन गेल्या त्यातली ही एक. आता त्या मार्गावर चालायची आणि सायकलची वाट आहे, सिंडर ट्रॅक. पण गाडी बंद पडली तोवर लोकांना गावाची चटक लागलेली होतीच. वर १९७३ मध्ये आल्फ्रेड वेनराइट या भटक्यानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून इथपर्यंतचा सुमारे १९० मैलांचा कोस्ट टू कोस्ट मार्ग पुस्तकात मांडला. त्याचा शेवट बरोब्बर बेच्या डॉकवर. प्रथा अशी की सेंट बीजला आयरिश सीमध्ये बूट बुडवून एक खडा उचलायचा, दोन आठवडे तो खिशात घेऊन अख्खं इंग्लंड आडवं चालायचं आणि इथे नॉर्थ सीत टाकायचा. दुपारी डॉकवर बसलं की हे लोक उतरताना दिसतात, लंगडत, चिखलानं माखलेले, चेहऱ्यावर एकदम वेडं हसू, आणि सरळ चालत पाण्यात. मग बे हॉटेलच्या बारमध्ये.

गावानं मधल्या काळात विज्ञानही करून बघितलं हे फार कुणाला माहिती नसतं. १९१२ पासून १९८२ पर्यंत डॉकपाशी लीड्स युनिव्हर्सिटीची सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती, कारण ओहोटीला इथे खडकांचे जे कमानीसारखे वळलेले पट्टे उघडे पडतात त्यात जीवसृष्टी भरपूर, आणि खडकात अ‍ॅमोनाइटचे, म्हणजे नामशेष झालेल्या गोल शंखाच्या सागरी प्राण्यांचे, जीवाश्म. आता त्या जागी नॅशनल ट्रस्टचं केंद्र आहे, लहान मुलांना खेकडे दाखवतात.

तर आजचा धंदा म्हणजे देखणेपण. मासळी, चहा, कोळसा सगळं जाऊन उरलं ते दिसणं, आणि ते विकलं जातंय फार जोरात. खालच्या गावातली कितीतरी घरं आता हॉलिडे कॉटेज आहेत, दाराशी कोड असलेली छोटी किल्लीची पेटी दिसली की समजायचं. नोव्हेंबरात मधल्या वारी गेलात तर बोळच्या बोळ बंद असतात. इथे जन्मलेल्या मुलाला इथे घर घेणं परवडत नाही, हे पूर्ण किनाऱ्याचंच दुखणं आहे. शेजारच्या व्हिटबीत जून २०२२ मध्ये यावर लोकांनी मत दिलं, नवीन बांधलेली घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकावीत का, ९३ टक्के लोक हो म्हणाले. ते मत कायद्यानं बंधनकारक नव्हतं. एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशर कौन्सिलनं सेकंड होमवर, म्हणजे मालक कायम राहत नाही अशा घरावर, दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरपट्टी, लावलाय. याचा किती उपयोग होईल बघू, कारण बरेच मालक घर धंद्यासाठी भाड्यानं देतो असं दाखवून कौन्सिल टॅक्समधूनच बाहेर पडतात, आणि ते कायदेशीर आहे. करातून पळवाट काढणं म्हणजे गावच्या परंपरेला धरूनच झालं म्हणा, फक्त आता करणारे लोक बाहेरचे आहेत.

मी स्वतः त्या कॉटेजमध्ये राहिलेय, त्यामुळे फार मोठ्या तोंडानं बोलायचा अधिकार मला नाही. आणि उलट बाजूही आहे, ही घरं कोळ्यांनी सोडली तेव्हा कित्येक पडायला आली होती, कुणीतरी पैसा घातला म्हणून उभी आहेत. पण ज्या गावात एका घराच्या कपाटातून दुसऱ्या घरात जाता यायचं म्हणतात तिथे आज शेजारी कोण आहे हेच शनिवारी शनिवारी बदलतं, हे मला खटकतं.

जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. एक्स ९३ बस व्हिटबीहून आणि स्कारबरोहून येते, गाडीच्या पार्किंगच्या कटकटीपेक्षा ती बरी. किनाऱ्यावरून बॉगल होल या शेजारच्या छोट्या खाडीकडे चालत जाणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, इथे पाणी कड्यापर्यंत येतं आणि दरवर्षी लोक अडकतात, तेव्हा 'बघू पुढे जाऊन' करू नका. चिप्स हातात घेऊन डॉकवर उभे राहिलात तर सीगल त्या पळवणार, त्यात तक्रार नाही. आणि चढ चढायचाच आहे तर अजून थोडा चढून जुन्या सेंट स्टीफनपर्यंत जाऊन या, आधी उघडं आहे का ते विचारून घ्या, बंद असलं तरी आवार बघता येतंच.